सात दिवस कॉलेजचे, बाकीचे आपले

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या संध्याकाळी केलेले भाषण. बोललो तसेच बहुतेक ठेवले आहे.)



आपला तालुका खामगाव, आणि खामगावला लोक रजतनगरी म्हणतात. चांदीच्या गावाशेजारी राहून आपण पंचवीस वर्षं पूर्ण केली, तेव्हा रौप्यमहोत्सव थाटात झालाच पाहिजे. तो होतोच आहे. रांगोळी झाली, संगीत खुर्ची झाली, उद्या महाप्रसाद आहे. मला मात्र सचिवांनी विषय निवडायची मोकळीक दिली आणि मी जरा अवघड विषय घेऊन उभा राहिलो. नंतर त्यांना पश्चात्ताप झाला असेल, पण पत्रिका छापून झाली होती.

पिंपळगाव राजाच्या या भागात प्लॉट पाडले तेव्हा इथे काळी माती आणि बाभळी होत्या. पावसाळ्यात गाडी डांबरी रोडवर लावायची, चपला हातात घ्यायच्या आणि चिखल तुडवत घर गाठायचं. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतली मंडळी, एक-दोन दुकानदार, कृषी खात्यातले काही, असे आपण एकत्र आलो. पाणी, नाली, रस्ता, विजेचे खांब यांच्यासाठी किती अर्ज केले त्याचा हिशेब जुन्या इतिवृत्तांत आहे. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता पंचविशीची झाली. कोणी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतंय, कोणी चाकणला कंपनीत आहे, कोणी सुरतला, कोणी नागपूरला होस्टेलवर. तिकडे एका खोलीत चार-पाच जण राहतात. त्या खोलीत रात्री काय चालतं हे आपल्याला माहीत नसतं. ‘जेवलास का?’ एवढंच आपण फोनवर विचारतो. मुलगा ‘हो’ म्हणतो.

आता मुद्द्यावर येतो. तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाचं पत्र आपल्या संस्थेला आलंय. या हिवाळ्यात त्यांचं सात दिवसांचं शिबिर गावात होणार आहे. व्यसन आणि एचआयव्ही या विषयांवर दोन संध्याकाळी त्यांना आपला हॉल हवा आहे, एक तरुणांसाठी आणि एक पालकांसाठी. शेवटच्या दिवशी अर्धा दिवस सरकारी आरोग्य कर्मचारी येऊन समुपदेशन करतील आणि ज्याची इच्छा असेल त्याची रक्तचाचणी करतील. पत्र सर्वसाधारण सभेपुढे यायचं आहे. त्याआधीच ओट्या-ओट्यावर चर्चा सुरू झाली. ‘हॉल द्यायला काही नाही हो सर, पण बाहेर बोर्ड लागेल एचआयव्हीचा. उद्या कोणी म्हणेल, या कॉलनीत काहीतरी आहे.’ एक काकू म्हणाल्या, ‘मुलीचं लग्न जमवायचं आहे आम्हाला.’ ही भीती खोटी नाही, म्हणून तिला हसण्यावारी नेत नाही. मी दोन खेपा मिळून सात वर्षं या योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो, तेव्हा कॉलेजची बाजूही मला माहीत आहे आणि इथला रहिवासी म्हणून आपलीही.

कॉलेजच्या पोरांचं गावात येणं नवं नाही. राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, हा नियम आजही आहे. एचआयव्हीचा विषय या योजनेत १९९१ च्या सुमारास आला. ‘युनिव्हर्सिटीज टॉक एड्स’ असं त्या कार्यक्रमाचं नाव होतं. भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईला, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांच्या कामातून. म्हणजे सुरुवातच एका प्राध्यापक बाई आणि त्यांच्या विद्यार्थिनीनं केली. निर्मलाबाईंचा तो पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होता. त्या रक्ताचे नमुने गोळा करत फिरल्या, तेव्हा ‘आपल्या देशात कुठे आहे हे?’ असंच बहुतेकांचं म्हणणं होतं.

आपलं विद्यापीठ अमरावतीचं. त्याला नाव आहे संत गाडगेबाबांचं. नागपूरच्या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. विदर्भातल्या या दोन विद्यापीठांना ज्यांची नावं आहेत, ते दोघंही गावोगाव दारूविरुद्ध बोलत फिरलेले. गाडगेबाबांची पद्धत मला फार शास्त्रशुद्ध वाटते. आधी दिवसभर गाव झाडायचं, रात्री कीर्तनाला उभं राहायचं, आणि कीर्तनात उपदेश कमी, प्रश्न जास्त. लोकांना विचारायचं आणि लोकांच्या तोंडूनच उत्तर काढायचं. शिबिरात सकाळी श्रमदान आणि दुपारी बौद्धिक असतं ना, ते तिथलंच. फक्त आमच्या बौद्धिकात पाहुणे प्रश्न विचारायचं विसरतात.

एका शिबिरातली गोष्ट सांगतो. गावाचं नाव नको. पोरं नाली साफ करत होती. ओट्यावर बसलेली एक आजी मला म्हणाली, ‘सर, हे पोट्टे सात दिस झाडतीन. मंग आठव्या दिवशी कोन झाडते?’ आमच्या अहवालात या प्रश्नाला रकाना नव्हता.

रॅली काढणं, घोषणा देणं, फलक धरून फोटो काढणं हे सगळं आम्ही केलं. त्यानं अहवाल भरतो. पोराच्या हातातली पुडी सुटत नाही. अमेरिकेत १९८३ पासून पोलिसांनी शाळांत जाऊन मुलांना नशेविरुद्ध धडे देण्याचा मोठा कार्यक्रम चालवला, ‘डेअर’ नावाचा. पुढे संशोधकांनी तपासून पाहिलं, तर धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या नशेत फारसा फरक दिसला नाही. नुसती भीती घातली की मूल ऐकतं आणि संध्याकाळी मित्रांमध्ये गेलं की विसरतं. कारण तिथे त्याला शास्त्र कोणी विचारत नाही. तिथे विचारतात, ‘घे ना बे, मर्द हायेस का नाही?’ या वाक्याला उत्तर काय द्यायचं, कसं हसून उठायचं, मित्र न तोडता पेला कसा नाकारायचा, याचा सराव करून घ्यावा लागतो. आम्ही पोरांकडून तो नाटुकल्यात करून घेतला. पहिल्या दिवशी सगळे लाजले. तिसऱ्या दिवशी अशी एकेक उत्तरं आली की हॉल हसून हसून गडबडला.

आणि दुसरी उपयोगी पडली ती प्रश्नपेटी. बुटाच्या खोक्याला वर चीर पाडायची, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. त्या चिठ्ठ्या मला अजून आठवतात. ‘डास चावला तर एचआयव्ही होते का?’ होत नाही. ‘मावशीला आहे, तिच्या हातची पोळी चालते का?’ खुशाल खा, आणि मावशीच्या शेजारी बसून खा. ‘यात्रेत गोंदून घेतलं, एकाच सुईनं दहा जणांना गोंदलं.’ इथे मात्र धोका आहे, चाचणी करून घे. एका चिठ्ठीत होतं, ‘मित्र म्हणते दारू पिऊन केलं तर आतले जंतू मरते, खरं आहे का?’ साफ खोटं. दारू पोटात जाऊन विषाणू मरत नाही, उलट माणसाचं भान जातं. आणि एक चिठ्ठी होती, अक्षर अगदी लहान मुलाचं: ‘बाबा रोज पितात. त्यांच्यासाठी कार्यक्रम कधी घेणार?’

व्यसन आणि एचआयव्ही एकत्र का, असं परवा कोणी विचारलं. नशेची सुई एकमेकांत वापरली की विषाणू थेट रक्तात जातो, हा एक रस्ता. आपल्या भागात मला काळजी सुईपेक्षा बाटलीची वाटते. घरापासून लांब, हातात पहिला पगार, खोलीवर पार्टी, आणि त्या धुंदीत केलेला असुरक्षित संबंध. निरोध खिशात असला तरी तेव्हा आठवत नाही. आधीच लागण झालेला माणूस पीत असेल तर गोळ्या चुकतात, आणि गोळ्या चुकल्या की औषधाची ताकद जाते. देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगताहेत. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, चार लाखांच्या आसपास. पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१० च्या तुलनेत देशात दरवर्षी होणारी नवीन लागण ४४ टक्क्यांनी घटली. २००४ पासून सरकारी दवाखान्यात औषधं मोफत आहेत. रोज नियमित गोळी घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला, तर जोडीदाराला शारीरिक संबंधातून लागण होत नाही. आईनं वेळेवर औषध घेतलं तर बाळ निरोगी जन्मू शकतं. आज हा आजार मधुमेहासारखा सांभाळून जगण्याचा झालाय. पण हे घडायला आधी चाचणी व्हावी लागते, आणि चाचणीला लोक जात नाहीत ते शेजाऱ्यांच्या भीतीनं. शेजारी म्हणजे कोण? आपणच की.

दारूचंही तसंच. २०१९ साली एम्सच्या व्यसनोपचार केंद्रानं देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. दहा ते पंचाहत्तर वयातले साधारण १६ कोटी लोक दारू पितात असं तीत निघालं. मला खरा धक्का बसला तो वेगळ्या आकड्यानं. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतो. बाकीच्या ३७ घरांत काय होतं? ‘त्याला सांगून काही उपयोग नाही’ एवढंच म्हटलं जातं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. तिथे व्यसन हा आजार मानतात, आणि पेशंटच्या बायकोलाही बसवून तिचं ऐकतात. आपल्याकडे बायकोला विचारतात, ‘तुम्ही काही बोललात का त्यांना?’

आता जरा लांबचं सांगतो. आइसलँड नावाचा छोटा देश आहे, बर्फाचा. तिथली पंधरा-सोळा वर्षांची मुलं युरोपात दारूसाठी बदनाम होती. १९९८ मध्ये या वयाची ४२ टक्के मुलं मागच्या महिनाभरात झिंगेपर्यंत प्यायलेली होती. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. रोज सिगारेट ओढणारी मुलं २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. जादू काही नव्हती. विद्यापीठातले संशोधक नेमानं प्रत्येक शाळेत नाव न घेता पाहणी करत. निकाल कपाटात न ठेवता त्या त्या शाळेच्या आणि वस्तीच्या पालकांसमोर मांडत: तुमच्या भागातली मुलं संध्याकाळी कुठे असतात, कोणासोबत असतात, घरी कोण असतं. मग पालकांनी आपसात करार केले. अमुक वाजल्यानंतर मूल एकटं बाहेर नाही, मुलांच्या पार्टीत दारू नाही. संध्याकाळी पालक जोडीनं वस्तीत फेरी मारू लागले. खेळ आणि संगीताच्या वर्गांसाठी नगरपालिकेनं पैसे दिले. विद्यापीठानं आरसा धरला आणि काम गल्लीनं केलं.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातही असंच. मक्याचा प्रदेश, आपल्याकडे कापूस-सोयाबीन तसा. तिथल्या विद्यापीठाचा कृषी विस्ताराचा माणूस गावोगाव पोचलेला, जसा आपल्याकडे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला बांधावर येतो. त्यांनी विचार केला, बियाण्याचा सल्ला ज्या रस्त्यानं जातो त्याच रस्त्यानं मुलांच्या व्यसनाचा विषय का जाऊ नये? शेजारच्या पेनसिल्व्हेनियाच्या… नाही, शेजारचं नाही, बरंच लांब आहे ते. तर तिथल्या विद्यापीठासोबत १४ गावांत त्यांनी हे सुरू केलं. आई-वडील आणि मूल आठवड्यातून एकदा एकत्र बसत. आधी वेगळ्या खोल्यांत, मग एका खोलीत. बसून करायचं काय, तर एकमेकांशी बोलायला शिकायचं. आपल्या घरी बाप आणि मुलगा परीक्षा, पैसे आणि गाडीची चावी यापलीकडे शेवटचं कधी बोलले, ते ज्यानं त्यानं आठवून बघावं.

आपल्या विदर्भातही उदाहरण आहे. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये दारूबंदी झाली. तरी बंदीनं सगळं भागत नाही, म्हणून २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’च्या पुढाकारानं मुक्तिपथ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात सरकारही आहे, पण कणा आहे तो गावागावातल्या संघटनांचा. तिथे मुख्यतः बायका पुढे आहेत, हे मी आपल्या महिला मंडळाकडे बघून मुद्दाम सांगतो.

‘मुलांना नको ते कळेल’ हा आक्षेपही मी ऐकला. र. धों. कर्वे मुंबईत गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, आणि या कामापायी त्यांची नोकरी गेली, खटले झाले. त्याला शंभर वर्षं होत आली. आज मागच्या रांगेतल्या प्रत्येक खिशात मोबाईल आहे. नको ते त्यांना कळून चुकलंय. हवं ते कळायचं राहिलंय.

आता घरभाड्याचा विषय, कारण आपण गृहनिर्माण संस्था आहोत. एका कॉलनीत, आपल्या नव्हे, एक विधवा बाई दोन मुलांसह भाड्यानं राहायची. नवरा ट्रकवर होता. तो कशानं गेला हे कोणाला तरी कळलं आणि आठवड्यात घरमालकानं ‘पाहुणे येणार आहेत’ म्हणून खोली खाली करून घेतली. मुलांची शाळा वर्षाच्या मध्यात सुटली. अशा गोष्टींसाठी २०१७ साली कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून कोणाला घर भाड्यानं नाकारणं, विकत घेऊ न देणं, राहतं घर सोडायला लावणं हे बेकायदेशीर आहे. माणसाच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि कोणालाही आपली स्थिती सांगायची सक्ती करता येत नाही. आपल्या उपविधींच्या फायलीत या कायद्याची मराठी प्रत लावून ठेवावी अशी मी सचिवांना विनंती केली आहे. भाडेकरू ठेवताना आपण आधार कार्ड मागतो, पोलीस पडताळणी मागतो. तेवढं पुरे.

बोर्डाचं म्हणाल तर बोर्डावर ‘आरोग्य तपासणी’ लिहू. रक्तदाब आणि साखरही त्याच टेबलावर तपासायची, म्हणजे कोण कशासाठी आत गेलं हे बाहेर उभ्या माणसाला कळणार नाही. कोपऱ्यात पडदा लागेल. तिथे बोटातून रक्ताचा थेंब घेऊन होते ती प्राथमिक चाचणी. तीत काही आलं तरी पक्कं निदान सरकारी दवाखान्याच्या केंद्रात पुन्हा तपासून होतं, आणि निकाल त्या एकट्यालाच सांगतात. अठराच्या आतल्या मुलांची चाचणी या शिबिरात नाही. ज्याला इथे यायचं नाही त्यानं तालुक्याला सरकारी दवाखान्यात जावं. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा एचआयव्हीसाठी आणि १४४४६ हा व्यसनासाठी, दोन्ही मोफत.

पण माझा खरा आग्रह त्या अर्ध्या दिवसासाठी नाही, आठव्या दिवसासाठी आहे. शिबिर संपल्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हॉल संध्याकाळी दोन तास तरुणांसाठी उघडा ठेवावा. कॅरम असेल, व्हॉलीबॉलचं नेट मागच्या मोकळ्या प्लॉटवर लागेल. कॉलेजचे दोन विद्यार्थी येतील आणि आपले दोन पालक असतील. भाषण कोणाचंही नाही, माझं तर नाहीच. पुण्या-नागपूरची मुलं दिवाळीत आली की त्यांनाच बोलू द्यावं, खोलीवर कसं राहतात ते.

आणि दोन गोष्टी आपल्या, म्हाताऱ्यांच्या. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, तरी टपरी उभी आहे. ते ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला कळवू. पण ‘बाळा, जा, टपरीवरून पुडी घेऊन ये’ असं सांगून सहावीतल्या नातवाला पाठवणारे आजोबा आपल्याच कॉलनीत आहेत. इथे कोणी हसू नये, मी बघतोय. मुलाला तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय लग्नाच्या वरातीत गाडीच्या डिक्कीभोवती काय चालतं, हे पोरं लहानपणापासून बघतात. आइसलँडच्या पालकांनी करार केला तो आधी स्वतःशी. आपण हॉलच्या भाड्याच्या पावतीवर एक ओळ वाढवू शकतो: हॉल आणि आवारात मद्यपान नाही, अनामत जप्त होईल. यासाठी विद्यापीठ लागत नाही.

ठराव सर्वसाधारण सभेत मी मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी तिथे उभं राहून बोलावं, ओट्यावर नको. तोपर्यंत हॉलच्या दाराशी उद्यापासून एक लाकडी पेटी लावतोय. नाव न लिहिता, जे विचारायचं ते लिहून टाका. मोठ्यांनीही. पेटीला कुलूप आहे आणि किल्ली कॉलेजच्या समुपदेशक मॅडमकडे राहील, माझ्याकडे नाही आणि अध्यक्षांकडेही नाही. कागद पेटीजवळ ठेवलेत. पेन मात्र घरून आणा, मागच्या कार्यक्रमाचे तीन पेन अजून परत आलेले नाहीत.